भुऱ्याचं पोट

अक्का गेली, असं दाजींनी फोनवर म्हटलंच नाही. "भुऱ्या सकाळपासून बाजेखालून निघंना झालाय… तू ये," एवढंच म्हणाले. मला कळायचं ते कळलं. त्याला आता महिना उलटून गेला.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन जाफराबादला गेली आणि तिथलीच झाली. तिच्या घरात कुत्र्याला उंबऱ्याच्या आत मज्जाव. दाजींनी धावडा गावच्या शेतातून हे भुरं पिल्लू आणलं, तेव्हा तिने चांगला अबोला धरला होता. पण पुढे पोटाचा कर्करोग निघाला, केमोने केस गेले, आणि एक दिवस तिनेच भुऱ्याला घरात हाक मारली. भेटायला येणारी माणसं आधी तिच्या डोक्याकडे पाहत, मग डोळे पुसत, मग कुठला तरी काढा सुचवत. भुऱ्या यातलं काहीच करत नसे. बाजेवरून खाली आलेल्या तिच्या हाताखाली डोकं सरकवून तो पडून राही, आणि ओकाऱ्यांनी थकलेल्या अक्काचा तेवढ्यात डोळा लागे. आम्हा कुणालाच ते जमलं नाही.

दाजींचा हट्ट एकच. ती जेवल्याशिवाय ते स्वतः पानावर बसत नसत. पुढे पुढे फोनवर खुशीत सांगायचे, आता ताट लख्ख होतंय म्हणून. मी आनंदाने भेटायला गेले, तर अक्काच्या हाताच्या काड्या झालेल्या आणि भुऱ्या मात्र ढोल. दाजी बाहेर गेल्यावर मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती हसली.

"घास उतरत न्हाई गं. ह्याला खाताना पाह्यलं की बरं वाटतं, अन् ताट रिकामं दिसलं की ते जेवतात. त्यांना सांगू नको." मग दम घेऊन म्हणाली, "मी गेल्यावर त्यांच्या ताटावर जाऊ नको. भुऱ्याचं पोट पाहत जा."

मला तिचा राग आला, आणि परतताना एसटीत रडूही आलं. दाजींना मात्र मी सांगितलं नाही.

परवा गेले होते. बाज अजून तिथेच आहे. दाजींनी रिकामं ताट दाखवलं. "बराबर जेवलो की," म्हणाले. भुऱ्या सावकाश उठून आला आणि माझ्या पायाशी आडवा झाला. मी त्याच्या पोटावर हात ठेवला. टम्म होतं.

मी उठले. ताजी भाकरी टाकली, दाजींना पुन्हा वाढलं आणि भुऱ्याला मांडीशी धरून समोर बसले. पहिला घास दाजींनी सवयीने बाजेखाली नेला… तिथे कुणी नव्हतं. हात तसाच राहिला. मग तो घास त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला, आणि बराच वेळ चावत राहिले.