दलेंदावहिनीची जरीची वही

आमच्या दलेंदावहिनीला हट्टी म्हटलेलं चालतं. पण तिच्या जरीकामाला कुणी नुसतं "बरं आहे" म्हटलं, की त्या माणसाचा चहा बंद. आमच्या माहदिया गावात गेली कित्येक वर्षं ज्या मुली नवरी होऊन बसल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींच्या अंगावर वहिनीच्या हातची जर होती. राहिली फक्त तिची स्वतःची सून. वहिनीचा मुलगा हातेम समुद्रापलीकडे सिसिलीत मासेमारी बोटीवर लागला आणि तिथल्याच रोझारियाशी नगरपालिकेत सह्या करून मोकळा झाला. सुनेसाठी ठेवलेली जर डब्यातच राहिली.

त्यांची मुलगी अंब्रा. तिला इटालियनशिवाय काही येत नाही, आणि वहिनीला आपल्या भाषेशिवाय काही नाही. मला मात्र थोडं येतं. लहानपणी आमच्या गच्चीवरच्या अँटेनाला पलीकडचं इटालियन टीव्ही केंद्र लागायचं, त्या कृपेने. वहिनी तेव्हाही जरीच्या चौकटीवर मान घालून बसलेली असायची. त्यामुळे मागच्या खेपेला अंब्रा आली तेव्हा जे बोलायचं ते माझ्याशीच बोलली. पाणी हवं, मला सांगायची. पाय दुखतो, मला दाखवायची. ती गेल्यावर वहिनी ओट्याला टेकून ढसाढसा रडली.

"आजी मी आणि हाका तुला! एकदासुद्धा मला हाक मारली नाही गं तिनं."

"मी काय करू? मी आत्या-आजी झाले म्हणून तोंड शिवून घेऊ?" मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली, "पुढच्या खेपेला शिवूनच घे."

ऑक्टोबरात तिने सांस्कृतिक केंद्रातल्या इटालियनच्या वर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्या इब्तिसाम बाई म्हणजे कालची पोर, पण मोठी हौशी. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "वहीला छानसं कव्हर घाला. बघताक्षणी वही उघडावीशी वाटली पाहिजे."

झालं! हे कुणाला सांगावं आणि कुणाला नाही, याचं काही तारतम्य? बाकीच्यांनी रंगीत कागद चिकटवले. आमच्या वहिनीने जांभळी मखमल काढली आणि सुनेच्या जरीचा तो डबा उघडला. थंडीभर काम चाललं. समोरासमोर दोन मासे, मध्ये दृष्ट लागू नये म्हणून पाच बोटांचा पंजा, कडेने जाईच्या कळ्या. खरं सांगते, मी आयुष्यभर तिचं काम बघत आले, पण त्या माशांचे खवले मीही दिव्याजवळ नेऊन पुन्हा पुन्हा बघितले.

पण आमच्याकडे जरीकाम पुरं झालं की पांढऱ्या कापडात गुंडाळून पेटीत जातं. हात धुतल्याशिवाय त्याला शिवायचं नाही, त्या खोलीत पाण्याचा ग्लाससुद्धा न्यायचा नाही. वहिनीच्या हाताला तेच वळण. वर्गात ती वही उशीच्या अभ्र्यात घालून न्यायची आणि तशीच मांडीवर घेऊन बसायची.

"मावशी, लिहा ना," बाई म्हणायच्या.

"लिहिते हो, घरी गेल्यावर."

"घरी कधी लिहिता? वही तर कोरी करकरीत आहे!"

"आणि शाई सांडली म्हणजे? मखमलीवरचा डाग निघतो का कधी? तुमचं लग्न होऊ दे बाई, मग कळेल."

वर्ग हसायचा. वहिनी घरी येऊन कुसकुसच्या रव्याच्या रिकाम्या पुड्यांवर शब्द लिहायची आणि दुसऱ्या दिवशी मीच त्या पुड्या केरात टाकायची. मला काय ठाऊक!

जुलैत हातेम अंब्राला घेऊन आला. उतरल्या उतरल्या तो मित्रांना भेटायला बंदरावर पळाला. अंब्रा जिन्यावर बसली, आमच्याकडे पाठ करून. वहिनीने वर्षभर एक वाक्य घोटलं होतं, 'मी तुझी नोन्ना', म्हणजे आजी. ती पुढे गेली, तोंड उघडलं आणि तशीच परत आली.

"मोंजिया, एक शब्द आठवेना गं!"

"मी बोलू का?"

"खबरदार!"

मी जीभ दातांखाली धरून बसले. माझ्या जिभेला अशी सवय नाही. वहिनी ब्रिक, म्हणजे अंडं भरलेली पातळ पोळीची घडी, तळत होती. पुन्हा तसंच होणार, पोरगी पुन्हा परकीच जाणार, असं मलाही वाटू लागलं. तेवढ्यात वहिनीला काय वाटलं कोण जाणे, तिने गॅस बंद केला, हात धुऊन पेटीतून वही काढली आणि जमिनीवर ठेवून नुसतीच बघत बसली. वहीत तरी काय होतं म्हणा!

जर चकाकली तशी अंब्राची मान वळली. हळूहळू ती जवळ आली. एका माशावर बोट ठेवून तिच्या भाषेत म्हणाली, "मासा."

वहिनी तसंच म्हणाली.

"नाही, असं." पोरीने पुन्हा म्हणून दाखवलं. वहिनी पुन्हा म्हणाली.

मग पोरीने वही उघडली. पान कोरं. पुढचंही कोरं. तिने शेवटपर्यंत चाळली आणि कमरेवर हात ठेवले. "काहीच लिहिलं नाहीस? शाळेत करतेस काय?"

यातला 'शाळा' हा शब्द तेवढा वहिनीला कळला. तिने अपराध्यासारखी मान खाली घातली. अंब्राने आपल्या पिशवीतून पेन आणलं, फतकल मारून बसली आणि मोठ्या अक्षरात लिहू लागली. दुसऱ्या हातात ब्रिक. व्हायचं तेच झालं. घास घेताना अंड्यातला पिवळा बलक ओघळला, पान वाचवायला तिने वही पटकन मिटली आणि तो थेट जरीच्या माशावर पडला.

मी फडकं घेऊन धावले. अंब्राचा चेहरा उतरला. आता ओरडा बसणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. वहिनी तिच्याकडे बघत होती. 'असू दे' म्हणायला तिच्याकडे शब्द नव्हता, आणि मला बोलायची बंदी.

वहिनीने माझ्या हातातलं फडकं बाजूला सारलं. ब्रिकच्या बलकात स्वतःचा अंगठा बुडवला आणि दुसऱ्या माशावर दाबून उमटवला. सुनेच्या जरीवर!

अंब्राने ठसा बघितला, आजीचा अंगठा बघितला. मग खदखदून हसली, एवढी की तिला उचकी लागली. उचकी देता देताच म्हणाली, "नोन्ना, पाणी!"

मी सवयीने उठले.

"तू बस," वहिनी म्हणाली. "मला सांगितलंय."