मागाच्या खड्ड्याची किंमत

भूत-बाधा यांवर माझा विश्वास नव्हता, एवढे सांगून भागणार नाही. माझा धंदाच अविश्वासाचा होता. घरे पाहून त्यांची किंमत ठरवण्याचे काम मी करत असे. अमुक घरात 'काहीतरी आहे' असे कानावर आले की मी एकच गोष्ट शोधायचो – हे घर स्वस्तात कोणाला हवे आहे? उत्तर बहुधा त्याच गल्लीत मिळायचे.

ही हकिकत मराठवाड्यातल्या भूम गावची. महायुद्ध संपले होते. निजामाचे राज्य अजून होते, पण ते किती टिकेल हे कोणी उघडपणे बोलत नव्हते. अशा दिवसांत घर कोण घेतो? ज्यांच्याकडे पैसा होता ते सोने घेऊन गप्प बसले होते. आजच्या भाषेत मार्केट थंड. खरेदी-विक्री थांबली तसे माझे कामही थांबले. त्याच सुमारास आडतीचे दुकान चालवणारे गुरुनाथशेठ यांनी मला बोलावले. पडत्या भावात घरे घेऊन ठेवायचा त्यांचा विचार होता आणि त्यांना माझ्यासारखा माणूस हवा होता.

"एक घर बघा. जमलं तर पुढची समदी तुमच्याकडंच," शेठ म्हणाले. "करीमचाचाचं. पर लई किंमत धरू नका, वामनराव. त्या घरात माग वाजतो."

"विणकराच्या घरात माग वाजणारच की."

"माग तर कवाच विकला त्यानं!"

मी हसलो. घर स्वस्तात कोणाला हवे होते, ते समोरच बसले होते.

मी सांगेन ती किंमत दोन्ही बाजूंनी मान्य करायची, असे ठरले होते. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेनंतर मी तिथे गेलो. घर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, लहान पण धड. करीमचाचा ओसरीत बाजेवर पडून होते. माळवदावर माती घालताना खाली पडले, तेव्हापासून कमरेखाली हालचाल नव्हती. त्यांना उचलून कूस बदलावी लागे. ते काम त्यांची बायको, जैनबचाची, करत.

"आमची लेक बार्शीला हाय," चाची म्हणाल्या. "तिथं खोली बघितलीया तिनं. घराचे पैसे नीट आले तर खोली मिळंल, ह्यांना दवाखाना व्हईल. न्हाय तर हितंच कुजायचं. तुम्ही काय सांगताव त्याच्यावर हाय समदं, भैया."

"आणि चाचा काय म्हणतात?"

"माझं काय!" बाजेवरून आवाज आला. "माझ्या पायाला इचारा. ते निघाले तर मी बी येतो."

"बघा, आसं बोलत्यात! अहो, चेष्टा पुरे," चाची फटकारत म्हणाल्या.

मी खण मोजायला घेतले. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आमच्याकडे घराची किंमत खणांवर चाले. शेवटची खोली मागघर. खिडकी नाही, एकच दार, माळवदाला हातभर झरोका. जमिनीत मागाचा खड्डा तेवढा उरला होता. विणकर त्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायांनी पावड्या दाबतो. असा खड्डा बुजवायचा खर्च आम्ही किमतीतून वजा करायचो. तेवढे मनात धरून मी ओसरीत आलो, आणि मागे आवाज सुरू झाला.

धोटा इकडून तिकडे... फणीचा ठोका... पुन्हा धोटा. ताल न चुकणारा.

मी परत गेलो. खोली रिकामी. आवाज बंद.

पहिला संशय शेजारघराचा. सामाईक भिंतीपलीकडे गोठा होता, त्यात एक बैल रवंथ करत उभा. मग झरोक्याचा संशय आला. माळवदावर चढून पाहिले – वर कोणी नव्हते, मातीत पाऊलही नव्हते. तरी मी झरोक्यावर दगडी फरशी ओढून ठेवली. मग चाचींना म्हणालो, "मागघर सारवून घ्या. खड्ड्याच्या काठासकट. दारापर्यंत ओलं पाहिजे."

"घराचा सौदा व्हायच्या आधीच घर धुऊन घ्यायलाय हा बाबा," चाचा म्हणाले.

चाचींनी पांढऱ्या मातीने आतून दाराकडे सारवत आणले. कंदील धरून मी सगळी जमीन पाहिली. कुठे बोट लागलेले नव्हते. दाराला माझे स्वतःचे कुलूप लावले. चाचींनी हात धुतले आणि त्या चुलीपाशी बसल्या. मी ओसरीत बाजेला गुडघा टेकवून बसलो. दोघेही माझ्या नजरेसमोर. चाचांचा डोळा लागल्यासारखा वाटला.

आवाज सुरू झाला. मी तसाच उठलो, कुलूप काढले, कंदील आत धरला.

दारापासून खड्ड्यापर्यंत सारवण ओले, अखंड. एकही पाऊल नाही. पण खड्ड्याच्या काठावर, विणकर बसतो नेमक्या त्या जागी, ओली माती पुसली गेली होती – माणूस बसून उठावा तशी.

मी बाहेर आलो तेव्हा चाची चाचांची कूस बदलत होत्या. एक हात खांद्याला, एक मानेखाली. चाचांच्या तहमदीला, म्हणजे लुंगीला, मागे पांढऱ्या मातीचा ओला डाग होता. चाचींनी तो पाहिला. मी तो पाहिला, हेही त्यांनी पाहिले. त्यांनी त्यावर वाकळ ओढली.

"किती इणायचं राह्यलं?" चाचांनी डोळे मिटूनच विचारले. कोणाला, ते कळले नाही.

माझ्या हिशेबाने संशय आता एकाच माणसावर येत होता. घर विकले जाऊ नये असे वाटणारा त्या घरात तोच एक होता. आणि त्याला बसायलाही दुसऱ्याचा हात लागत होता.

दुकानात शेठ वाटच पाहत होते. "ऐकला न्हवं माग?"

खोटे बोलायचे नव्हते. "ऐकला."

"मग किंमत निम्मी करा."

"भिंत भक्कम आहे, तुळया सागवानी आहेत, माळवद गळत नाही. खड्डा बुजवायचा खर्च मी वजा केलाय. आवाजाची वजावट मला करता येत नाही." आणि मी पूर्ण किंमत सांगितली.

शेठनी वही मिटली. मग म्हणाले, "तुम्हाला कामाची गरज दिसत न्हाय." पण घर त्यांनी त्याच किमतीला घेतले. त्यांना ते पहिल्यापासून हवे होते. माझा तेवढा संशय खरा ठरला. ताबा मिळताच त्यांनी आधी खड्डा बुजवला. नंतर तिथे ज्वारीची पोती राहिली. आवाजाची तक्रार कोणी केली नाही. मला मात्र शेठनी पुन्हा बोलावले नाही.

पुढे दुसऱ्या कामासाठी बार्शीला गेलो तेव्हा चाचींकडे डोकावलो. खोली चांगली होती, तालुक्याच्या डॉक्टरची बाटली कोनाड्यात दिसत होती. चाचा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. पाय तसेच, निर्जीव.

"बरं हाय की सगळं?"

"बरं हाय, भैया," चाची म्हणाल्या. मग हलक्या आवाजात, "शेजारीण रोज इचारती... तुमचा माग कुठं बसवलाय म्हून."

सवयीने मी जमिनीकडे पाहिले. भिंतीपासून भिंतीपर्यंत शहाबादी फरशी. सांधे पक्के, कुठे पोकळी नाही. पायाने ठोकूनही पाहिले.

हयातभर घरे पाहिली. त्या फरशीखाली काय होते, किंवा नव्हते, ते मला आजही सांगता येत नाही.