कोरी बाटली

मावशी निम्म्या शहराला ओळखत होत्या, आणि ओळख दाखवायची मात्र त्यांना बंदी होती. बंदी लेखी होती. पान चार, कलम सहा: ‘सहभागी व्यक्ती कक्षाबाहेर भेटल्यास, तिने आपणहून बोलल्याखेरीज कार्यकर्त्याने ओळख दाखवू नये.’ हे कलम मावशींच्या अंगात इतकं मुरलं होतं की बाजारात सख्खा भाचा समोर आला तरी त्या आधी कांद्यांकडे बघायच्या आणि तो ‘मावशी’ म्हणेपर्यंत कांदेच निवडत राहायच्या.

सरकारी आरोग्य केंद्रातल्या अकरा नंबरच्या खोलीत त्यांची नोकरी होती. एचआयव्ही घेऊन जगणाऱ्या चारशे माणसांना एका गोपनीय सर्वेक्षणासाठी राजी करायचं, एवढंच काम. औषधं वेळेवर मिळतात का, झोप लागते का, घरात कोणाला माहीत आहे का, असे बावन्न प्रश्न. उत्तर देणाऱ्याचं नाव कागदावर कुठेही नाही, फक्त आकडा. सहा महिन्यांनी त्याच माणसांना तेच बावन्न प्रश्न पुन्हा विचारायचे, म्हणजे काय बदललं ते कळावं.

या कामासाठी मावशींची निवड झाली ती त्यांच्या आधीच्या नोकरीमुळे. सव्वीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फोन जोडून देत होत्या. शहरातली लग्नं जुळताना त्यांनी ऐकली, मोडताना ऐकली, आणि त्यातल्या काहींना बुके घेऊन हजरही राहिल्या; पण ऐकलेला शब्द कधी बाहेर आला नाही. घरात त्यांची धाकटी जाऊ याला फार कंटाळली होती. ती म्हणायची, “ताईंचं पोट म्हणजे टपालाची पेटी. पडलं ते पडलं. फरक एवढाच की ही पेटी उघडायला कोणी येतच नाही.”

अकरा नंबरची खोली व्हरांड्याच्या टोकाला, दातांच्या विभागाच्या पलीकडे होती. म्हणजे येणाऱ्याला दातांच्या बाकांवरून जावंच लागे. त्यामुळे मावशींकडे येणारा प्रत्येक जण गालावर हात ठेवून यायचा. चांगले धडधाकट बत्तीस दातांचे लोक कण्हत कण्हत व्हरांडा ओलांडायचे, आत आले की हात खाली. दातांचे डॉक्टर वर्षभर चक्रावलेले होते: येताना इतके दिसतात, माझ्याकडे वळतात कुठे?

झोपताईही अशीच गालावर हात ठेवून आली. तिला हे नाव पाळणाघरातल्या मुलांनी दिलं होतं. मावशींच्या घराच्या वाटेवर एक पाळणाघर होतं, तिथे आठ बायका कामाला होत्या आणि दुपारी मुलांना झोपवायचं काम हिचं. एकाच वेळी चौदा मुलं झोपवायची. तिने पाठीवर हात ठेवला की रडणारं पोर हुंदका अर्धा टाकून झोपायचं, म्हणे. मुलांचे आईबापही तिला झोपताईच म्हणत.

औषधं घ्यायला ती दर महिन्याला येई. मावशींनी तिला दोनदा विचारलं; दोनदा ती “घाई आहे” म्हणून निघून गेली. तिसऱ्यांदा टेकली.

“मला काय मिळणार त्यातून?”

“तुला काही नाही. पुढच्यांना कदाचित औषध नीट मिळेल.”

“पुढचे माझ्या कुठल्या नात्यातले?”

मावशी हसल्या. “माझ्याही नाहीत गं. पण चारशे भरायचेत, तीनशे एकसष्टवर गाडी अडकलीय.”

“असं सरळ सांगा ना. मी आपली समाजसेवेचं ऐकून घाबरले.” मग दाराकडे बघून हळू म्हणाली, “मावशी, पोरं सांभाळते मी. कळलं तर दारात उभं करणार नाहीत. दुसरं काही येत नाही मला.”

“कोणाला कळणार नाही.”

“कशावरून?”

“मी आहे ना.”

सात पानी संमतीपत्रात हे वाक्य नव्हतं. तिथे ‘यथायोग्य दक्षता घेतली जाईल’ असं होतं. मावशींनी तेही वाचून दाखवलं, पण सही झाली ती आधीच्या वाक्यावर.

चौतिसावा प्रश्न होता: तुमच्या आजाराबद्दल कोणाकोणाला माहीत आहे? खाली आईवडील, जोडीदार, भावंडं, शेजारी, मालक अशा चौदा चौकटी. झोपताईने चौदाही ऐकून घेतल्या आणि म्हणाली, “डॉक्टरांना. आणि आता तुम्हाला.” मावशींनी ‘इतर’वर खूण केली.

निघताना तिला आभाराची वस्तू मिळाली. स्टीलची पाण्याची बाटली, निळ्या रंगाची.

या बाटलीला इतिहास आहे. मुळात तिच्यावर आरोग्य केंद्राचं नाव छापायचं ठरलं होतं. बैठकीला चार साहेब होते आणि कोपऱ्यात मावशी. त्या सहसा बैठकीत बोलत नसत, त्या दिवशी बोलल्या: “नाव नको. कोणी विचारलं, ही कुठून आणलीस, तर माणसाने काय सांगायचं? काहीच छापू नका. फूल नको, पान नको. कोरी असू दे.” साहेबांनी एकमेकांकडे बघितलं. सूचना एकमताने मंजूर झाली, इतिवृत्तात मावशींच्या हुद्द्यासह नोंदली गेली, आणि मोठे साहेब त्यांना स्वतः चहा घेऊन आले. सत्तावीस वर्षांच्या दोन नोकऱ्यांत त्यांची मान्य झालेली ही एकमेव सूचना.

त्या खोलीतल्या पाच जणांपैकी कोणीही अलीकडे पाण्याची बाटली विकत घेतलेली नसावी. दुकानात मिळणाऱ्या बाटलीवर कंपनीचं नाव असतं, सूर्यफूल असतं, चार शब्दांचा सुविचार असतो. सगळ्या शहरात काहीही न छापलेली बाटली एकच होती. चारशे होत्या, पण एकच.

तीन महिने ठीक गेले. मग एका सकाळी भाजी निवडता निवडता जाऊ म्हणाली, “ताई, खरं का हो? ती निळी कोरी बाटली हातात दिसली की समजायचं म्हणे.”

“काय समजायचं?”

“तेच. तुमच्या अकरा नंबरचं. आमच्या भिशीतल्या एकीच्या दिराकडे आहे. तिने दुसऱ्या एकाकडे बघितली. दोघं एकाच रांगेत औषधाला. दोन अधिक दोन.” तिने शेंग मोडली. “बाकी डोकं कोणाचं म्हणायचं! एवढं गुपित, आणि हातात झेंडा दिला.”

मावशी उठल्या त्या भाजी तशीच टाकून. केंद्रात जाऊन त्यांनी मोठ्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. अजून अठरा बाटल्या शिल्लक होत्या, त्यांचं वाटप त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं. वाटलेल्या तीनशे ब्याऐंशींबद्दल वीस तारखेच्या बैठकीत विषय घ्यायचं ठरलं. “तोवर आपण कोणाला काही कळवायचं नाही,” साहेब म्हणाले, “उगाच घबराट होईल.”

मावशींनी नियम वाकवून झोपताईला फोन लावला. पाळणाघरात कामाच्या वेळेत फोन कपाटात ठेवावे लागत. तीनदा वाजून बंद झाला. तिन्ही वेळा, एकेकाळी साऱ्या शहराला फोन जोडून देणाऱ्या बाई, कानाला रिसीव्हर लावून उभ्या होत्या.

संध्याकाळी घरी जाताना त्यांनी वाट न बदलता मान बदलली: नेहमी समोर बघायच्या, आज पाळणाघराच्या खिडकीकडे बघितलं. कठड्यावर रंगीत बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. सशाची, मोटारीची, सूर्यफुलाची. शेवटी निळी, कोरी. आत जाऊन ती उचलावी, पिशवीत टाकावी आणि चालू लागावं असं त्यांना वाटलं. पण अकरा नंबरवाल्या बाई पाळणाघरात शिरल्या, ही बातमी त्या बाटलीहून मोठी झाली असती. त्या पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकरा नंबरच्या दारात पाळणाघराच्या मालकीणबाई उभ्या. गालावर हात नव्हता.

“बसू का? तुम्ही खोटं बोलत नाही असं ऐकलंय, म्हणून आले. आमच्याकडे एका आईने गोंधळ घातलाय. खिडकीत तुमच्याकडची बाटली आहे म्हणते.”

“मला याबद्दल काही बोलता येणार नाही,” मावशी म्हणाल्या. हे नियमातलं वाक्य. पान पाच.

“अहो, मी शिकलेली बाई आहे. हात लावून होत नाही हे मलाही कळतं. पण पालकांना कोण सांगणार? परवापासून सहा मुलं कमी झाली.” त्यांनी रुमालाने मान पुसली. “मला भांडण नकोय. फक्त हो की नाही सांगा. आमच्याकडची कोणी इथे येते का?”

मावशींनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पण दुसऱ्यांदा म्हणताना त्यांना ते ऐकू आलं. एखादी गोष्ट नसेल तर माणूस सरळ ‘नाही’ म्हणतो. न बोलता येण्यासारखं काहीतरी आहे, एवढं ते वाक्य बोलूनच टाकत होतं. बाई आता उठून जाणार आणि त्याचा अर्थ लावणार.  आयुष्यात पहिल्यांदा मावशींनी खोटं बोलायचं ठरवलं, आणि ज्याला सराव नाही तो बोलतो तसं घाईत, ठासून बोलल्या:

“झोपताई इथे कधीही आलेली नाही. मी शपथेवर सांगते.”

मालकीणबाईंनी रुमालाची घडी घातली.

“मावशी, माझ्याकडे आठ बायका आहेत,” मग त्या अगदी हळू म्हणाल्या. “बाटली कोणाची, कोणीच कबूल होत नव्हतं. मी नाव कुठे घेतलं?”

बाहेर दातांचं यंत्र घरघरत होतं. सव्वीस वर्षं पोटात राहिलं ते सगळं पोटातच होतं; बाहेर आला तो एक शब्द, तोही झाकण्यासाठी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते निदान स्वतःचं असतं.

“तसं नाही, ऐका,” मावशी उभ्या राहिल्या. “मी रोज तिथून जाते, मला तेवढं एकच नाव माहीत आहे, म्हणून...”

“बसा तुम्ही. पाणी प्या,” मालकीणबाई म्हणाल्या. त्या खरोखरच वाईट बाई नव्हत्या.

झोपताईला त्यांनी कोणासमोर काही विचारलं नाही, ओरडल्या नाहीत. ‘जरा विश्रांती घे, बोलावते’ एवढंच म्हणाल्या. बोलावणं येणार नव्हतं. ती कारण विचारत बसली तेव्हा मात्र त्यांच्या तोंडून गेलं: “मला कुठे माहीत होतं? तुमच्या मावशींनीच नाव घेतलं.”

हे मावशींना जावेकडून कळलं, कारण शहरातलं सगळं जावेकडूनच कळतं. या खेपेला जावेने टोमणा मारला नाही. चहा पुढे ठेवून निघून गेली. मावशींनी साहेबांकडे जाऊन आपण होऊन सगळं सांगितलं, राजीनामाही लिहून नेला होता. साहेबांनी तो परत दिला. “तुमच्याइतकं विश्वासू माणूस मला कुठून मिळणार?” ते म्हणाले, आणि त्यात त्यांना काही विनोदी वाटलं नाही. वीस तारखेच्या बैठकीत पुढच्या बाटल्यांवर फुलं छापायचं ठरलं.

झोपताईला केंद्रासमोरच्या धुलाईघरात काम मिळालं, चादरींच्या घड्या घालायचं. रोज सकाळी पावणेदहाला मावशी फाटकाशी पोहोचतात तेव्हा ती समोरच्या फुटपाथवरून येते. पहिल्या दिवशी मावशी थांबल्या. तोंड उघडलं. झोपताईने त्यांच्याकडे बघितलं, नीट, ओळखून. आणि मान वळवून चालू लागली. तिने आपणहून बोलल्याखेरीज बोलायचं नाही, असा नियम होता. संमतीपत्र वाचताना मावशींनीच तो तिला समजावून सांगितला होता: “तू बोललीस तर मी बोलेन. तुझ्या हातात आहे सगळं.”

तेव्हापासून रोज तेच. मावशी फाटकाशी थोडं रेंगाळतात, चप्पल झटकतात, पर्समध्ये चष्मा शोधतात. ती जाते.

सहा महिने भरले तशी दुसऱ्या फेरीची यादी आली. आकड्यांची. मावशींनी नियमाप्रमाणे प्रत्येकाला तीन फोन केले. तीनशे बासष्टवर तिन्ही वेळा कोणी उचललं नाही. प्रश्नावलीत चौतिसावा प्रश्न होताच, खाली त्याच चौदा चौकटी, या खेपेला त्यांतल्या बऱ्याच भरल्या असत्या. मावशी पेन घेऊन थोडा वेळ बसल्या. खिडकीतून समोरच्या गच्चीवर चादरी दिसत होत्या, आणि दोन टोकं धरून घडी घालणारे दोन हात.

शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘संपर्क होऊ शकला नाही.’