शब्दांची माहेरं विचारणारे भावजी

आमच्या थोरल्या भावजींपुढं तोंड उघडायची हिंमत सिरसाळ्याच्या बाजारात एकाही माणसात नव्हती, आणि याला कारण ना त्यांची काठी, ना मिशा. भावजी म्हणजे माझे थोरले दीर. जन्मभर शेळ्या राखल्या, आणि बाजारातल्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्या चाचांकडून उर्दू उचलली. तेव्हापासून समोरच्याच्या तोंडून शब्द पडला की भावजी त्याचं माहेर विचारणार. "हिंमत म्हणालास बे, कुठली हाय ती?" माणूस गांगरला की स्वतःच सांगणार, अरबस्तानात जन्मली, इराणात वाढली आणि निजामाच्या राज्यात आपल्याकडं नांदायला आली. एकदा शेजारचा गडी बोंबलत आला, घरात नाग निघालाय, मदत करा. भावजींनी काठी उचलली, आणि उंबऱ्यातच थबकून म्हणाले, "मदत. ही बी अरबीच." मदतीचं गोत सांगून होईस्तोवर नाग आढ्यात गेला. त्या घरची माणसं भीतीनं आमच्याच ओसरीवर मुक्कामाला आली, आणि मुक्कामाचंही माहेर ऐकून घेतलं. जिल्हा या शब्दावर तर भावजींचा लई जीव. अरबीत तो बरगडीचा शब्द, म्हणून यष्टीतून जिल्ह्याची पाटी दिसली की म्हणायचे, आपण समदे कुनाच्या तरी बरगडीत ऱ्हातो.

मी मात्र हे सारं दाराआडून ऐकलेलं. थोरल्या दिरासमोर सुनेनं उभं राहू नये, बोलायचंच तर भिंतीला सांगावं, अशी आमच्याकडची रीत. शाळा मी पाहिली न्हाई. जे चार शब्द कळतात ते दाराआडचेच.

मागच्या हिवाळ्यात शेळ्या सोडता सोडता भावजी कोसळले. तोंड वाकडं, हात लुळा. माजलगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लकवा आहे, वाचा येईल की नाही सांगता येत नाही, त्यांना बोलतं करा. लकव्याचं माहेर सांगायला कुणी नव्हतं, आणि त्या शांततेनं मला जी धडकी भरली ती नागानंही भरली नव्हती. जाऊबाईंनी हाका मारल्या, लेकीनं गळा काढला. भावजी आपले छताकडं बघत पडलेले, रिकाम्या डोळ्यांनी.

मग मला काय झालं कोण जाणे. पदर सावरला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या थेट समोर जाऊन उभी राहिले. मी म्हणाले, "भावजी, जिल्हा शब्द इंग्रजांनी आणला."

जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. भावजींची नजर छतावरून हळूहळू खाली आली. मी पुन्हा म्हणाले, "इंग्रजीच हाय तो." ओठ थरथरले, लाळ गळाली, कपाळावर शीर उठली, आणि कुठून तरी खोलातून आलं, "अ… अरबी." अशा रागानं बघितलं माझ्याकडं, की मी तिथंच खाली बसून रडले.

आता ते ओसरीवर बसतात. शब्द येतात, पण लंगडत. मी रोज सकाळी समोर जाऊन एक चुकीचं माहेर सांगते. साबण आपला मराठीच, वकील कानडी. ते चिडतात, धडपडतात, मला दुरुस्त करतात. मग दिवस बरा जातो. आज मी म्हणाले, भावजी, दुनिया हा शब्द आपल्या देवळातला. ते शेळ्यांकडंच बघत राहिले. मला दुरुस्त केलं न्हाई. मी पदराचं टोक मुठीत धरून उभी होते.

चहा ठेवलाय. तो झाला की पुन्हा म्हणून बघते.