कुड्यांवर बसेल असा हेडसेट

कंपनीनं कुरिअरनं पाठवलेला हेडसेट दिसायला साधा होता. कानावर टेकणाऱ्या दोन काळ्या गाद्या, तोंडापुढे येणारी माईकची दांडी, लॅपटॉपला लागणारी वायर. तो बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कानात काहीही न घालणारा माणूस असणार, एवढं नक्की. माझ्या कानात कुड्या. लग्नातल्या, मोत्याच्या, मागे फिरकीच्या. गादी पुढून मोती दाबायची आणि फिरकी मागच्या हाडात रुतायची. सकाळी काही वाटायचं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कान असा व्हायचा की केस लागला तरी कळ यायची.

मी कडावला राहते. विम्याच्या एका कंपनीचे फोन घरून घ्यायचे, लोकांना दाव्याचे कागद समजावून सांगायचे, असं माझं काम होतं. माहेर आणि सासर दोन्हीकडे मिळून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते. लोकांना तो तोरा वाटतो, वाटू दे. भाताच्या आवणीचे दिवस सोडले तर कर्जतच्या कॉलेजचा एकही तास मी बुडवला नव्हता. ती नोकरी त्या पदवीवर मिळालेली पहिली नोकरी होती. सुरुवातीचे महिने परीक्षेचे. प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा, त्यातले काही वरिष्ठ मॅडम ऐकायच्या, आणि त्यावर ठरायचं ठेवायचं की काढायचं.

कुड्या काढून ठेवायच्या, एवढं सोपं नव्हतं. नवरा खोपोलीहून टेंपो घेऊन घाट चढतो. आमच्या घरात माणूस घाटात असेल तोवर बाईनं गळा-कान मोकळा ठेवायचा नाही. सासूचा तो नेम. तिला मी आईच म्हणते.

"खोलीचं दार लावून काढल्या तर, आई? कोण बघतंय?"

"मी नाय बघणार. घाट बघतोय ना."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण गाडी घाटात असताना तो विश्वास नाही हे करून दाखवायची माझी छाती झाली नाही.

म्हणून कर्जतला स्टेशनजवळच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. नवरा बरोबर होता. दुकानदारानं एकेक काढून काउंटरवर मांडलं. कानाच्या भोकात बसणारे बोंडासारखे घातले, ते जांभई दिली की खाली. गळ्यात अडकवायच्या पट्ट्यातला माईक नेमका छातीवर यायचा. दुकानदारानं मला बोलायला लावलं आणि ते परत ऐकवलं, तर माझ्यापेक्षा मंगळसूत्राची खरखर मोठी.

"ताई, कानातलं काढून घालून बघा. मग बरोबर समजंल."

"काढता आलं असतं तर इथं कशाला आले असते?"

नवरा हसला. शेवटी त्यानंच वरच्या फळीवरचा मोठा दाखवला. "तो घे गं. हेल्मेट बी झालं, हेडसेट बी झाला."

तो मात्र बसला. गाद्या गोल आणि खोल, अख्खा कान आत. टोपलीखाली कोंबडी झाकावी तशा कुड्या आत सुरक्षित. दुकानदारानं बटण दाबलं आणि बाहेरच्या रिक्षा, भाजीवाली, सगळं विझलं. मी मुद्दाम विचारलं, "समोरच्याला पण आवाज जाणार नाही ना?"

"ताई, आवाज बंद म्हंजे बंद."

डब्यावर लिहिलेलं आम्ही तिघांनी मिळून वाचलं आणि तिघांनाही तेच कळलं. तो खोटं बोलला असं मला अजूनही वाटत नाही.

पुढचे दिवस चांगले गेले. माझ्या त्या खोलीच्या मागे गोठा, पुढे अंगण. आमच्याकडे कुणी दाराची कडी वाजवत नाही, रस्त्यावरूनच "हाय का गं घरात?" म्हणून हाक येते. शेताला लागून एक बंगला झालाय, तिथे शनिवारी-रविवारी पाहुणे उतरतात आणि दुपारपासूनच त्यांची गाणी लागतात. यातलं मला काहीच ऐकू येईना. काम संपलं की मी मागच्या पायरीवर बसून त्याच हेडसेटवर जुनी गाणी ऐकायची. कान दुखत नव्हते. त्या घरात पहिल्यांदा मी एकटी असल्यासारखी बसत होते.

सासू समोर येऊन हातवारे करायची. मी एक गादी उचलली की म्हणायची, "बोंबलून घसा गेला माजा. आंधळ्याला हाक तरी मारता येते. भयऱ्याला काय मारायचं, दगड?"

"मारा. पण हळू मारा."

"तुज्या नवऱ्याला सांगते, डबडं आणलंस ते बायकोला झाकायला."

मग मॅडमचा फोन आला. त्यांनी एक रेकॉर्डिंग लावलं. फोन एका बाईचा होता, नवरा वारल्यावर दाव्यासाठी कोणते कागद लागतात ते ती विचारत होती. तिचा आवाज बारीक. आणि माझा? मी ओरडत होते. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नव्हता म्हणून, शेताच्या बांधावरून बोलावं तशी मी त्या बाईला म्हणत होते, "तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." माझ्या मागे बंगल्यावरचं नाचाचं गाणं धडधडत होतं. आणि त्याच्यावर सासू, "अगं ए भवाने, म्हैस सुटली! वांगी खाल्ली समदी!"

ती बाई म्हणाली, "तुमच्याकडं लगीन हाय का? मी नंतर करते." आणि तिनं फोन ठेवला.

"नॉइज कॅन्सलेशन तुमच्या कानासाठी असतं," मॅडम म्हणाल्या. "कस्टमरला सगळं जातं. तोंडाजवळचंच ऐकणारा दांडीचा माईक आपण कशाला पाठवला होता?"

मी त्यांना त्या बाईचा नंबर मागितला. तो देता येत नाही म्हणाल्या. तिनं परत फोन केला की नाही, मला माहीत नाही.

कंपनीचा हेडसेट पुन्हा काढला. गाद्यांखाली कापूस ठेवून पाहिला, जुन्या साडीची चुंबळ करून पाहिली. कानाच्या पाळ्या सुजल्या, मग पिकल्या. डॉक्टर म्हणाले, कुड्या काढा, आणि कान बरे होईपर्यंत कानाला काहीही टेकवू नका. फिरक्या गच्च बसल्या होत्या. सासूनंच तेल सोडून सोडून त्या काढल्या. माझा चेहरा बघून तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. मग अंगणात जाऊन कडुलिंबाच्या दोन बारीक काड्या खुडून आणल्या आणि भोकांत सरकवल्या.

"आई, नेम मोडला तुमचा."

"मोडला कुठं? काडी हाय की. कान मोकळा नाय."

घाटाची समजूत अशी पटली. कंपनीची पटली नाही. लाउडस्पीकरवर फोन घ्यायला परवानगी नव्हती, लोकांची खासगी माहिती असते, ते बरोबरच आहे. लिहून उत्तरं द्यायच्या कामावर टाका म्हटलं, तिथे जागा नव्हती. थोडे दिवस रजा मागितली. परीक्षेच्या महिन्यांत रजा नसते. मी चांगल्या भाषेत मेल लिहिली, दोनदा तपासून. उत्तर आलं तेही चांगल्या भाषेतच होतं. माझ्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा होत्या.

लॅपटॉप आणि त्यांचा हेडसेट न्यायला कुरिअरवाला आला, तेव्हा सासू म्हणाली, "जाऊ दे गं बाय. कान तर बरा व्हईल." ती मनापासून म्हणाली. मला तिच्याकडे बघवलं नाही.

कान बरे झाले. कुड्या परत घातल्या. मोठा हेडसेट घरातच आहे, कधी लावला तर ती फोनवरची बाई आठवते, गाणं पुरं होईपर्यंत बसवत नाही. सकाळी मी गोठ्यात मदत करते, दुपारी मोबाईलवर नोकऱ्या बघते. शेलूला, नेरळला नव्या इमारतींत राहणाऱ्या पोरी असली कामं दार लावून करतात. घरून करायच्या कामाच्या अर्जात सगळे विचारतात, तुमच्याकडे बंद, शांत खोली आहे का? नवरा म्हणतो, आहे म्हणून लिही, कोण बघायला येतंय. मी नाही असंच लिहिते. अजून कुणाचा फोन आलेला नाही.