जिन्यापुरता भाऊ

मामांना सख्खी बहीण नव्हती. चुलत नव्हती, मावसही नव्हती. तरी शहरात त्यांच्या बहिणी किती म्हणाल, तर ज्या ज्या घरात कधी ढेकूण झाले त्या प्रत्येक घरात एक. हसा खुशाल. पण ज्याच्या गादीत ढेकूण निघालेत त्याला हसायला सांगून बघा. झुरळं झाली तर माणूस शेजारी जाऊन चार शिव्या घालून येतो. उंदराची गोष्ट तर मीठमसाला लावून सांगतो. ढेकणांबद्दल मात्र तोंडातून ब्र काढत नाही. सगळं घर रात्रभर खाजवतं आणि सकाळी इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडतं.

मामा चौतीस वर्षं घरातली कीड घालवणाऱ्या कंपनीत होते. बाकीचे लोक कंपनीच्या गाडीतून, पाठीवर पंप टाकून जायचे. मामा जायचे सुटकेस घेऊन. आत पंपाचे सुटे भाग, औषधाच्या बाटल्या, टॉर्च आणि फटींतून फिरवायची जाड पुठ्ठ्याची पट्टी. अंगात साधा शर्ट. लोकच फोनवर अजिजीने सांगायचे, गाडी नको, गणवेश नको, पाहुण्यासारखे या. मग जिन्यात कुणी विचारलंच तर घरातली बाई सांगून मोकळी व्हायची की भाऊ आलाय. कुठे मेहुणा, कुठे नवऱ्याच्या ऑफिसातला मित्र, पण बहुतेक ठिकाणी भाऊच. घरातली पोरं मामा म्हणायची. होता होता कंपनीतही सगळे मामाच म्हणायला लागले.

हे नातं औषधाचा वास जाईपर्यंत टिकायचं. गरज सरो, वैद्य मरो. ज्या गृहस्थाच्या पलंगाखाली मामा तीन दिवस पोटावर सरपटले, तो महिन्याभराने बाजारात समोर आला आणि चपलांच्या दुकानाच्या काचेत असा काही बघत उभा राहिला की विचारू नका. मामांना राग यायचा नाही असं ते सांगायचे. यायचा. घरी आले की बायको टॉवेल देत विचारायची, "आज कुठली बहीण विसरली?"

एकच घर याला अपवाद निघालं.

जुन्या तिमजली इमारतीत अगदी वरची दोन खोल्यांची जागा. तळमजल्यावर घरमालकीण राहायची आणि दिवसभर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायची. तिचा नियम होता, ज्या बिऱ्हाडात ढेकूण निघतील त्यांनी त्याच महिन्यात जागा सोडायची. वर राहणारी बाई शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायची. म्हणजे बातमी फुटली असती तर जागाही गेली असती आणि कामही. ढेकणांच्या घरी शिवायला कापड कोण देणार? मामा सुटकेस घेऊन आले तसं मालकिणीने विचारलं, कोण? वरून ती बाई कठड्यावर वाकली. पंचविशीची असेल, डोळे जागरणाने लाल झालेले. पापणीही न लवता म्हणाली, "भाऊ माझा. ये रे दादा, सावकाश चढ."

दार लागलं आणि ताईंचं ते अवसान गळालं. मामा तिला आत ताईच म्हणायचे, गिऱ्हाइकाशी बोलायची त्यांची तीच रीत. नवरा कामावर गेलेला. सहा महिन्यांची मुलगी पाळण्यात. ताईंनी तिच्या अंगावरची चादर बाजूला केली. दंडावर तीन लाल गांधी, एका ओळीत. डॉक्टरांनी मलम दिलं होतं, उष्णता म्हणून.

मामांचा एक नियम होता आणि तो ते सगळ्यांना ऐकवून वीट आणायचे. खूण दिसल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही. डास चावतात आणि लोक गाद्या जाळतात. चंदेरी किडे कपाटातली पुस्तकं खातात आणि लोक झुरळांचं औषध मारत बसतात. तेव्हा आधी बघायचं. त्यांनी गादीची शिवण उलटी केली, टॉर्च धरला. पेनाचं टोक टेकवत जावं तसे काळे ठिपके, शेजारी पोकळ टरफलं. पलंगाच्या उशाकडच्या फळीमागे पट्टी फिरवली तर अख्खं गोकुळ. पलंग जुन्या बाजारातून आणलेला होता. ते म्हणाले, ढेकूण आहेत, पलंगातून आलेत, यात तुमच्या स्वच्छतेचा काही संबंध नाही. हे वाक्य ते प्रत्येक घरात म्हणायचे. ताई मात्र ते ऐकून मटकन खाली बसल्या आणि रडल्या. दोन महिने त्या फरशी पुसत होत्या.

मग रीतसर काम झालं. सगळे कपडे उकळत्या पाण्यातून काढले. पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढला, पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, लाकडाच्या फटी लांबी भरून बुजवल्या. औषध मारल्यावर पंधरा दिवसांनी परत, कारण अंडी औषधाला दाद देत नाहीत, ती फुटायची वाट बघावी लागते. त्यानंतर आणखी एकदा. तिसऱ्या महिन्यात पट्टी कोरडी निघाली. मामा म्हणाले, संपलं. दर वेळी मालकीण खुर्चीत, दर वेळी जिन्यात "ये रे दादा", आणि दार लागलं की "तुम्ही पाणी घेणार?" जिन्यापुरता भाऊ, आत कामाचा माणूस. हिशेब सरळ होता.

आठ-दहा दिवसांनी मामा बाजारातून चालले होते. समोरच्या फुटपाथवरून जोरात हाक आली, "दादा! अरे दादा!" मामांनी मागे वळून बघितलं, कुणाला हाक मारतायत ते. मागे कुणी नव्हतं. ताई मुलीला कडेवर घेऊन रस्ता ओलांडून आल्या. मालकीण नव्हती, ओळखीचं काळं कुत्रंसुद्धा नव्हतं. कशी आहे तब्येत, वाळलास का, वहिनी काय म्हणतात, असं सगळं विचारलं आणि गेल्या. त्या दिवशी मामा घरी आले ते टॉवेल न घेताच बसले. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, आज एकीने ओळख दिली.

पुढे वर्षातून दोन-तीनदा बोलावणं यायचं. ओट्यामागे झुरळं झाल्यासारखी वाटतात. कापडांच्या गठ्ठ्यात कसर लागली. खिडकीतून मुंग्यांची रांग आलीय. मामा जायचे. काळी मिरी भरडून सांडल्यासारखी घाण दिसली तर ती झुरळांची. निजताना मोरी कोरडी ठेव, त्यांना अन्नाहून पाणी जास्त लागतं. मुंग्यांना मारत बसू नकोस, त्या कुठून येतात ते बघ आणि ती फट बुजव. टोकदार लेंडी दिसली तर उंदीर, नळाच्या भोकात तारेचा चोथा कोंब आणि वरून सिमेंट लाव. ताई दर वेळी असं ऐकायच्या की पहिल्यांदाच ऐकतायत. बंद दाराआडही "तू" कधी सुरू झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मुलगी मामा मामा करत मोठी झाली. आईने तिला सांगितलं होतं, मामा औषधांच्या कंपनीत आहे. खोटं नव्हतं. त्यामुळे खोकला झाला की ती मामांकडे औषध मागायची आणि मामांची पंचाईत व्हायची. ती पाच वर्षांची असताना वडील गेले. शाळेच्या अर्जावर आणखी एका मोठ्या माणसाची सही हवी होती. मामांनी सही केली. पुढच्या चौकटीत नातं लिहायचं होतं. त्यांनी ताईंकडे बघितलं. ताई शिवणयंत्रात दोरा ओवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मामांनी लिहिलं, मामा.

माहेरचं ताई कधी बोलल्या नाहीत. कुणी नाही एवढंच म्हणाल्या होत्या, तेही एकदाच. मामांनी खोदून विचारलं नाही.

आणि मग ताई गेल्या. ध्यानीमनी नसताना. मुलगी तेवीस वर्षांची, नुकती नोकरीला लागलेली. भेटायला माणसं यायला लागली. मामा रोज जायचे आणि दाराजवळच्या स्टुलावर बसायचे, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस बसतो तसे, अर्धेच टेकून. मालकीण आता ऐंशीची झालेली, दोघांच्या आधाराने तीन मजले चढून आली आणि मामांचाच हात धरून रडली. भावाच्या देखत बहीण जावी याहून वाईट काय, म्हणाली. मामांनी मान हलवली. आतून त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं की आजी, मी भाऊ नाही. पण बावीस वर्षांपूर्वी त्याच जिन्यात न बोलता दिलेला शब्द होता. त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. रडायला काही नातं लागतं, आणि आपलं कुठलं, हे त्यांना ठरवता येईना. तेवढं सोडून बाकी सगळं त्यांना होत होतं. घास उतरत नव्हता.

बुधवारी निघताना मुलगी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "मामा, रविवारी कुणी येणार नाही. तू ये. मला आईच्या लहानपणाचं सांग. ती कधीच बोलली नाही, आणि आता तुझ्याशिवाय सांगणारं कुणी नाही."

मामा जिना कसे उतरले ते त्यांचं त्यांना माहीत.

चार दिवस होते. बायको व्यवहारी बाई, म्हणाली, सांगा काहीतरी, झाडावरून पडली, चिंचा पाडल्या, शाळेत पट्टी खाल्ली, सगळ्यांचं लहानपण थोड्याफार फरकाने तेच असतं, पोरीला तेवढाच आधार. मामांनी खरंच प्रयत्न केला. आरशासमोर दाढी करताना एक विहीर रचली, एक परसातला झोका रचला. झोक्यावर फ्रॉकमधली एक मुलगी बसवली, पण तिला तोंडच येईना. आणि ते सगळं खूण न बघताच नाव घेतल्यासारखं होतं. जन्मभर लोकांना ओरडले, आणि आता स्वतःच? बरं, खरं सांगावं तर पोरीचं होतं नव्हतं ते माहेरघर एका वाक्यात मोडायचं. आई तर गेलीच, वर मामाही काढून घ्यायचा. आणि खरं सांगायचं तर, मामांना स्वतःसाठीही भीती वाटत होती. त्या जिन्यावर त्यांना हाक मारणारं आता एवढंच माणूस उरलं होतं.

रविवारी बायको म्हणाली, "खोटं बोलायचं असेल तर लवकर जाऊन या. खरं बोलायचं असेल तर जेवून जा."

मामा जेवून गेले.

मुलीने सतरंजी घातली होती. शिवणयंत्रावर चादर टाकलेली. ती समोर मांडी घालून बसली, गोष्ट ऐकायला बसतात तशी, आणि मामांना वाटलं उठून पळावं. मग त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"मी तुझ्या आईचा भाऊ नाही. तुम्हाला ढेकूण झाले होते. मी ते मारायला आलो होतो."

मामांनी सगळं सांगितलं, मालकिणीचा नियम, जिन्यातलं नातं, शाळेचा अर्ज. माफी मागितली. लहानपणाचं मला काही माहीत नाही, म्हणाले, एक अक्षरही नाही.

ती उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथूनच पाठमोरी बोलली. "म्हणजे आईचं खरं कुणीच नव्हतं."

मामा सतरंजीची सुरकुती सरळ करत बसले.

"ढेकूण कधी संपले?"

"तिसऱ्या महिन्यात."

"मग बावीस वर्षं कशाला येत होतास?"

मामा म्हणाले, ती बोलवायची. कधी झुरळं, कधी मुंग्या, कधी कसर. आणि बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांपुढे ती सगळी बोलावणी उभी राहिली. दर वेळी ते गेले, वाकून बघितलं, टॉर्च मारला. दहातल्या सात वेळा काही नव्हतंच. ओटा लख्ख, मोरी कोरडी, भोकं बुजवलेली. अशा घरात कीड येईल कुठून? हे त्यांना तेव्हाही कळत होतं. तरी ते सांगायचे, बरं झालं बोलावलंस, वेळेवर बोलावलंस. म्हणायचे आणि चहाला थांबायचे. खूण दिसल्याशिवाय नाव न घेणारा माणूस बावीस वर्षं खोटं बोलत होता आणि ताई ते ऐकून घेत होत्या.

मुलगी वळली. "कुणी ऐकत नसताना पण ती तुला दादाच म्हणायची. का?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही कधी. विचारलं आणि तिने म्हणणं बंद केलं तर, म्हणून नाही विचारलं."

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मामा रडले. पुरुष माणूस, पासष्ट वर्षांचा, तोंडावर दोन्ही हात घेऊन हमसून हमसून रडला. मुलगी येऊन शेजारी बसली. तीही रडली. कोण कुणाला समजावत होतं ते सांगता यायचं नाही.

मग तिने डोळे पुसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"मीही नाही विचारत," ती म्हणाली. "लहानपणाचं राहू दे. तू जेवढी पाहिलीस तेवढी आई सांग, मामा. पंचविसाव्या वर्षापासून सांग."

मामा म्हणाले, "तिला शिट्टी वाजवता यायची, माहितीये तुला? यंत्र चालवताना वाजवायची. कुणी आलं की लगेच बंद. मी जिन्यात थांबून ऐकायचो."

मुलीला हे माहीत नव्हतं.