आधी मुंगी, मग साखर

रतिलाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी धडगावच्या जीपमध्ये होतो. घाटात रेंज जाते-येते, त्यामुळे त्याच्या पुतण्याचं निम्मंच वाक्य कानावर पडलं, ‘काका सकाळी...’ आणि फोन तुटला. उरलेलं मला कळलं होतं, तरी वरच्या वळणापर्यंत फोन कानालाच धरून बसलो. उतरून परतीची जीप मिळेपर्यंत दुपार झाली आणि त्याच्या गावी, कोरीटला पोचलो तेव्हा लोक स्मशानातून परतत होते. आज महिना झाला, अजून मला एका जागी बसवत नाही. कारण साधं आहे... त्याची माफी मागायची राहिली.

रतिलाल कोरीटच्या शाळेत विज्ञान शिकवायचा, मी नंदुरबारला कॉलेजात रसायनशास्त्र. आम्ही एका बाकावरचे. घरची केळी आणि कापूस भावाकडे सोपवून हा मुंग्यांमागे लागला. मुंगीच्या जबड्याजवळची ग्रंथी धोक्याचा इशारा देते, पोटाच्या टोकाशी असलेली वाट आखते, असं त्याने सुरू केलं की त्याची बायको, म्हणजे शांतावहिनी, चहा ठेवायला उठायच्या. घरातल्या बारीक तांबड्या मुंग्यांच्या या ग्रंथी तो भिंगाखाली सुईने सोडवायचा, माझ्याकडून नेलेल्या हेक्झेन नावाच्या द्रावकात खलायचा आणि आगकाडीच्या टोकाने काचेवर रेघ ओढायचा. हेक्झेन क्षणात उडून जायचं, रेघ दिसेनाशी व्हायची आणि मुंग्या त्या न दिसणाऱ्या वळणावरून बिनचूक वळत जायच्या, म्हणे. म्हणे अशासाठी, की मी ते पाहिलं नव्हतं. दर रविवारी तो ये म्हणायचा आणि दर रविवारी मला काहीतरी काम निघायचं.

मग तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आलं. शिक्षकांच्या गटाला मी परीक्षक. मित्राला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून जरा जास्तच ताठ होतो. त्याच्या टेबलाशी पोचलो तर काचेवर मुंग्यांची रांग छान वळण घेत चाललेली आणि रेघ संपते तिथे साखरेचे चार दाणे. ‘साखर ठेवलीय, मग येतीलच की,’ मी मोठ्याने म्हणालो. पोरं हसली, बरोबरचे परीक्षकही हसले. संध्याकाळी माझ्याच मोटरसायकलवर मागे बसून परत येताना रतिलाल एवढंच म्हणाला, ‘पहिली मुंगी उनी की मंग साखर ठेवस मी. त्यासले बलाई लेनं नि उपाशी धाडी देनं, बरं दिसस का?’

त्याच्या घरी सकाळी वारुळाशी पीठ-साखर घालायची रीत. आई घालायची, तिच्यामागे हा. मुंग्यांना बोलावून उपाशी धाडू नये, हे ऐकून मला मात्र चीड आली. प्रयोगात दयामाया आणायची तर प्रयोगच करू नये, असं मी सुनावलं. त्यानंतरही आम्ही भेटलो, लग्नाकार्यात, बाजारात, केळीच्या भावावर तासन्‌तास बोललो... पण मुंग्यांचा विषय त्याने काढला नाही आणि मीही नाही. आपलं चुकलं असावं हे मला टोचायचं. पण खात्री करायची तर त्याच्या दारात जावं लागलं असतं आणि तेवढं माझ्याने झालं नाही.

तेराव्याला वहिनींनी मला आत बोलावलं आणि हातात करंगळीएवढी, काचेच्या बुचाची कुपी ठेवली. म्हणाल्या, ‘तुम्हनासाठे ठेयेल शे. वरीसभरपासून फ्रीजमा, दूधना मांगे. मी इचारं, देत का नही? तं म्हने, येई तो एखाद रविवारले.’

कुपी आठ-दहा दिवस माझ्याही फ्रीजमध्ये पडून होती. उघडली की आतला ग्रंथींचा अर्क उडून जाणार, मग उरणार काय? दिवसातून चारदा दार उघडून बघायचो. बायको वैतागली. शेवटी गेल्या रविवारी दुपारी बूच काढलं. ओट्याखाली त्याच जातीच्या मुंग्यांची रांग होती. तिथून फरशीवर हातभर वाकडी रेघ ओढली. शेजारी दुसरी, नुसत्या हेक्झेनची. साखर कुठेच ठेवली नाही, मुद्दाम.

पहिली मुंगी थबकली, मिशा हलवल्या आणि रतिलालच्या रेघेवर वळली. मग दुसरी, मग पाच-सहा. नुसत्या हेक्झेनकडे एकही फिरकली नाही. टोकाला पोचल्या... आणि तिथे काहीच नव्हतं. गोल फिरल्या, मागे गेल्या, पुन्हा आल्या, पुन्हा गोल फिरल्या. मला ते बघवेना. फरशीवर बसल्या बसल्या मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही. माझ्या मधुमेहामुळे बायको साखर लपवून ठेवते. डबा सापडेपर्यंत सगळं फडताळ उपसलं. सापडला तसे चार दाणे टोकाशी ठेवले.

त्याची रेघ थोड्याच वेळात उडून गेली असणार. पण साखर घेऊन परतणाऱ्या मुंग्यांनी त्याच वळणावर आपली वाट आखली आणि ती अजून मोडलेली नाही. बायकोने तेवढ्या जागेत फिनेल टाकणं सोडलंय. रिकामी कुपी ओट्यावर असते. रोज सकाळी मी चिमूट हातात धरून तिथे बसतो. आधी ठेवत नाही. पहिली मुंगी आली की मग.